बारीक ‘एस’ची किंमत : एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन चांदीची नाणी जमवायला सुरुवात करताना

दोन डॉलर. दोन्ही चांदीचे, दोन्हींवर स्वातंत्र्यदेवीचा तोच डावीकडे बघणारा चेहरा, मागे पंख पसरलेला तोच गरुड. दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतले, म्हणून दोन्हींवर बारीक ‘एस’. एकावर साल १८८१, दुसऱ्यावर १८९३. पहिलं नाणं एक कोटी सत्तावीस लाखांवर पाडलं गेलं आणि आजही जवळपास कुठल्याही नाणेविक्रेत्याकडे मिळतं. दुसरं पाडलं फक्त १ लाख. झिजून त्याची रया गेलेली असली तरी त्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. एका नाणेप्रदर्शनात काचेखाली ही दोन शेजारीशेजारी ठेवलेली होती. मी तिथे अर्धा तास उभी होते, आणि त्या अर्ध्या तासात एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे. दुर्मिळपण सालात, टाकसाळीच्या अक्षरात, नाण्याच्या अवस्थेत आणि किती नाणी वाचली यात असतं. हे चारही वाचता येईपर्यंत पाकीट खिशातच ठेवायचं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांच्या हातात असं एखादं नाणं येतं. शेजारच्या आजींनी दिलेलं, नाहीतर जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेलं. महाराष्ट्रात राणीछाप रुपये जमवणाऱ्यांनाही इकडे वळावंसं वाटतं. दोघांसाठी वाट एकच आहे.

पायरी १ : घराणं ओळखा

नाणं हातात आलं की साल बघण्याआधी चित्र बघा. शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अर्ध्या डॉलरवर टोपी घातलेल्या देवीचा चेहरा दिसतो. हे ‘कॅप्ड बस्ट’, १८०७ पासूनचं, जॉन राइक यांनी घडवलेलं. १८३७ ते १८९१ या काळात पाच सेंटच्या हाफ डाइमपासून डॉलरपर्यंत ‘सीटेड लिबर्टी’चं राज्य होतं. खडकावर बसलेली देवी, एका हाताशी ढाल, दुसऱ्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला टोपी. हे ख्रिश्चन गोब्रेख्ट यांचं काम. १८९२ मध्ये डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलरवर चार्ल्स बार्बर यांचा भारदस्त चेहरा आला. डॉलरवर १८७८ पासून इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज मॉर्गन यांची देवी होती, म्हणून त्याला मॉर्गन डॉलर म्हणतात. याशिवाय चीनच्या व्यापारासाठी पाडलेला ट्रेड डॉलर, १८५१ ते १८७३ चं नखाएवढं तीन सेंटचं नाणं, आणि १८७५ ते १८७८ अशी जेमतेम चार वर्षं चाललेलं वीस सेंटचं नाणं.

सगळं एकदम जमवू नका. एक घराणं निवडा. माझा जीव सीटेड लिबर्टीत आहे, पण नवख्या माणसाला मी मॉर्गनच सुचवते. नाणं मोठं आहे, खुणा ठळक आहेत, आणि बाजारात इतकी नाणी फिरतात की चांगलं कोणतं नि वाईट कोणतं हे शेजारी ठेवून शिकता येतं. दुसरी चांगली सुरुवात म्हणजे कॅप्ड बस्ट हाफ डॉलर. १८०४ नंतर तीसेक वर्षं अमेरिकेने चलनासाठी डॉलर पाडलेच नाहीत, त्यामुळे अर्धा डॉलर हेच सगळ्यात मोठं चांदीचं नाणं होतं आणि बँकांच्या थैल्यांत ते पडून राहायचं. म्हणून पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीचं असूनही ते चांगल्या अवस्थेत आणि आवाक्यातल्या किमतीत मिळतं. १८३६ पर्यंतच्या या नाण्याच्या काठावर दाते नसतात, अक्षरं असतात: ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’. पहिल्यांदा काठ फिरवून ती वाचताना फार आनंद होतो.

पायरी २ : टाकसाळीचं अक्षर

राजाछाप रुपया बघितलेल्यांना हे नवं नाही. मुंबईच्या टाकसाळीतल्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असतो, कोलकात्याच्या रुपयावर नसतो. अमेरिकेत ठिपक्याऐवजी अक्षर आहे. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर काहीच नाही, न्यू ऑर्लीन्सच्या नाण्यावर ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एस’, आणि नेव्हाडातल्या कार्सन सिटीच्या ‘सीसी’.

मॉर्गन डॉलरवर हे अक्षर मागच्या बाजूला, गरुडाभोवतीच्या माळेच्या गाठीखाली, ‘डॉलर’ या शब्दातल्या डी आणि ओ यांच्या वर असतं. सीटेड आणि बार्बर क्वार्टर-हाफवर ते गरुडाखाली असतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, स्वस्तातलं चालेल, पण कायम खिशात ठेवा.

‘सीसी’बद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळे नवखे या अक्षरांच्या प्रेमात पडतात, आणि पडावं असंच ते आहे. नेव्हाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणीत चांदीचा प्रचंड साठा सापडला आणि खाणीजवळच टाकसाळ हवी म्हणून ती १८७० मध्ये सुरू झाली. मधली काही वर्षं बंद राहून १८९३ पर्यंत तिने नाणी पाडली. ती दगडी इमारत आज राज्याचं संग्रहालय आहे आणि जुनं नाणी पाडायचं यंत्र अजून तिथेच आहे. या टाकसाळीचे आकडे बहुतेकदा लहान असतात. मात्र लहान आकडा आणि मोठी किंमत यांची जोडी दर वेळी जमत नाही. ते पायरी ५ मध्ये येईल.

पायरी ३ : तराजू

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू ही या छंदातली सगळ्यात उपयोगी वस्तू. १८३७ पासून अमेरिकन नाण्यांत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं आहे. त्याआधी चांदी किंचित कमी, ८९ टक्क्यांच्या वर. पाठ करण्याची वजनं अशी: सीटेड आणि मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, ट्रेड डॉलर २७.२२ ग्रॅम. मॉर्गनचा व्यास ३८.१ मिलिमीटर.

हाफ डॉलरचं वजन बदलत गेलं आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. १८३६ पर्यंत ते १३.४८ ग्रॅम होतं, मग १३.३६. त्यानंतर कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सोनं मुबलक झालं, त्याच्या तुलनेत चांदी महागली, आणि लोक चांदीची नाणी वितळवून किंवा परदेशी पाठवून नफा कमवू लागले. बाजारात सुटी नाणी मिळेनात. म्हणून १८५३ मध्ये सरकारने हाफ डॉलर १२.४४ ग्रॅमवर आणला आणि नवं हलकं नाणं ओळखू यावं म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाणाची टोकं कोरली. हे बाण १८५५ पर्यंत दिसतात. १८५३ च्या क्वार्टर आणि हाफवर गरुडाभोवती किरणंही आहेत, ती फक्त त्या एका वर्षाची. १८७३ मध्ये वजन १२.५० झालं आणि दोन वर्षांसाठी बाण परत आले. म्हणजे बाण दिसले की वजन बदललेलं आहे असं समजा आणि तराजूवर ताडून बघा.

झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, ते ठीक. मॉर्गन २६.२ भरला तर मी घाबरत नाही. २३ भरला किंवा २८ भरला तर तो परत करते. वजन बरोबर असूनही शंका वाटली तर घनता काढा. तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून तळाला आणि कडांना न लागता पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, आणि येणारा आकडा टिपा. माझ्या एका मॉर्गनचं कोरडं वजन २६.७० आलं आणि पाण्यातला आकडा २.५९. भागाकार १०.३१. नव्वद टक्के चांदी १०.३ च्या आसपासच यायला हवी. नंतर नाणं पुसू नका, मऊ कापडावर आपोआप वाळू द्या.

लोहचुंबकाला नाणं चिकटलं तर ते खोटं, एवढं नक्की. न चिकटलं म्हणून खरं मात्र नव्हे, पितळही चिकटत नाही.

पायरी ४ : अवस्था वाचायला शिका

नाण्याची अवस्था १ ते ७० या मापावर सांगतात. ६० आणि पुढची नाणी व्यवहारात न वापरलेली. एकाच सालाचं, एकाच अक्षराचं नाणं ६३ ला एक किंमत आणि ६६ ला कितीतरी पट असं होतं, म्हणून हे वाचता येणं म्हणजे पैसे वाचवणं.

झीज सगळ्यात उंच भागावर आधी दिसते. मॉर्गनवर कानावरचे केस, गाल आणि गरुडाची छाती बघा. सीटेड नाण्यांवर देवीचा गुडघा आणि ढालीवरचा ‘लिबर्टी’ शब्द. त्यातली किती अक्षरं वाचता येतात यावरच झिजलेल्या नाण्याची प्रत ठरते. बार्बरवर तोच शब्द देवीच्या कपाळपट्टीवर आहे.

इथे एक फसगत होते. न्यू ऑर्लीन्सच्या कितीतरी मॉर्गनवर ठसा नीट उमटलेलाच नाही. कानावरचे केस सपाट, गरुडाची छाती गुळगुळीत. नवखा म्हणतो झिजलंय, पण नाणं कधी कुणाच्या हातातही गेलेलं नसतं. फरक चमकेवरून कळतो. दिव्याखाली नाणं हळूच तिरपं करा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, सपाट भागावरूनही. झिजलेल्या भागावर ते तुटतात.

मी पहिलं नाणं एका आठवडी बाजारातून घेतलं, १८८४ चं ‘ओ’, आणि ते घेतलं कारण ते टेबलावर सगळ्यात जास्त चकाकत होतं. घरी दिव्याखाली तिरपं केलं तर पट्टे फिरेनात. पांढरा, मेलेला उजेड सगळीकडे सारखा, आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या शेकडो बारीक रेषा. कुणीतरी ते घासलं होतं. विक्रेत्याला हे माहीत असणार, त्याने सांगितलं नाही, आणि त्याचा मला आजही राग आहे. आपल्या घरी दिवाळीआधी चांदीची निरांजनं रांगोळीने लखलखीत करतात. निरांजनाला ते शोभतं. नाण्याला रांगोळी, खायचा सोडा, टूथपेस्ट, चिंच, काहीही लावू नका. घासलं की वरचा थर गेला, तो परत येत नाही, आणि किंमत निम्म्याच्याही खाली जाते. काळपट, निळसर, सोनेरी झाक आलेली असेल तर ती नाण्याची कमाई आहे, तिला हात लावू नका.

गालावरचे ओरखडे मात्र मॉर्गनच्या नशिबीच आहेत. हजार नाण्यांची एक थैली, म्हणजे जवळपास २७ किलो वजन, एकमेकांवर आपटत तिजोऱ्यांतून फिरली. गाल स्वच्छ असलेलं नाणं दिसलं की थांबून बघा.

पायरी ५ : पाडलेली नाणी आणि वाचलेली नाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक दरपुस्तकात किती नाणी पाडली याचा आकडा असतो आणि नवखा त्यावरच विसंबतो. पण नाणी वितळतात, आणि कधीकधी तळघरातून बाहेरही येतात.

वितळण्याची सगळ्यात मोठी घटना थेट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात भारतात नोटांबद्दल अविश्वास पसरला. लोक नोटा घेऊन येत आणि चांदीचे रुपये मागत, सरकारकडची चांदी आटत चालली. ब्रिटिशांनी अमेरिकेकडे चांदी मागितली. २३ एप्रिल १९१८ ला पिटमन कायदा झाला आणि अमेरिकेने तिजोऱ्यांतले २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २५ कोटी ९० लाखांची चांदी ब्रिटनला, म्हणजे मुख्यतः भारतासाठी विकली गेली. भारतातल्या टाकसाळींत तिचे रुपये झाले. हिशेब मी करून बघितला आहे: एका मॉर्गनमध्ये २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी, एका राजाछाप रुपयात सुमारे १०.६९. म्हणजे एका डॉलरचे बरोबर सव्वादोन रुपये. आजीच्या डब्यातल्या १९१८ किंवा १९१९ च्या रुपयात एखाद्या मॉर्गनची चांदी असेलही.

संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे कोणत्या सालाची, कोणत्या टाकसाळीची किती नाणी वितळली याची नोंदच ठेवली नाही. त्यामुळे पाडलेल्या संख्येवरून काहीच सांगता येत नाही. आज किती नाणी तपासली गेली आणि कोणत्या अवस्थेत, हे प्रमाणन संस्थांच्या याद्यांत बघावं लागतं.

उलट बाजू बघा. सरकारच्या तिजोरीत पडून राहिलेले सुमारे २९ लाख डॉलर, बहुतेक कार्सन सिटीचे, १९७२ ते १९८० मध्ये जनतेला विकले गेले. १८८४ चे ‘सीसी’ पाडले होते ११ लाख ३६ हजार. त्यातले ९ लाख ६२ हजार या विक्रीत निघाले, करकरीत! १८८५ चे ‘सीसी’ फक्त २ लाख २८ हजार पाडले होते, पण त्यातलेही १ लाख ४८ हजार निघाले. आणि १८८९ चे ‘सीसी’, साडेतीन लाख पाडलेले? त्या सगळ्या साठ्यात एक सापडला. म्हणून न वापरलेला १८८९ ‘सीसी’ हा १८८५ पेक्षा जास्त पाडूनही त्याच्या कितीतरी पट महाग आहे. हे उदाहरण वहीत लिहून ठेवा.

भाव कोसळतोही. १९६२ पर्यंत १९०३ ‘ओ’ हा मॉर्गनमधला सगळ्यात दुर्मिळ मानला जायचा. त्या वर्षी सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच बाहेर आल्या आणि भाव रातोरात आपटला. १८९८ ‘ओ’चंही तेच झालं.

पायरी ६ : खोटी नाणी

पहिला नियम. कुणी तुम्हाला १८०४ चा डॉलर दाखवला तर तो खोटा आहे. जगात खरे फक्त १६ माहीत आहेत. आणि तेही १८०४ मध्ये पाडलेले नाहीत. १८३४-३५ मध्ये मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला भेट द्यायच्या संचांसाठी पहिले पाडले, बाकीचे त्यानंतर. त्यातला एक २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला विकला गेला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे या डॉलरच्या तिन्ही प्रकारांचे नमुने आहेत.

दुसरा. ट्रेड डॉलरची नक्कल सगळ्यात जास्त होते. त्याच्या मागेच ‘४२० ग्रेन्स, ९०० फाइन’ असं लिहिलेलं असतं. बनावट नाण्यावरही लिहिलेलं असतं, पण तराजूवर ते २७.२२ च्या जवळ क्वचितच येतं. चिनी व्यापाऱ्यांनी ठोकलेल्या छोट्या खुणा असलेले ट्रेड डॉलर मला फार आवडतात. नाणं खरोखर तिथवर जाऊन आलंय, हे त्या खुणा सांगतात. पण आता या खुणाही खोट्या ठोकतात, तेव्हा सावध राहा.

तिसरा आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे खरं नाणं घेऊन केलेला बदल. वजन बरोबर, चांदी बरोबर, काठ बरोबर. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या डॉलरवर ‘एस’ चिकटवतात. १८९५ चा बिनअक्षराचा डॉलर फक्त प्रूफ म्हणून, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेला, माहीत आहे आणि तेही ८८० नगच पाडले होते, म्हणून १८९५ ‘ओ’ किंवा ‘एस’वरचं अक्षर खरवडून काढतात. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी बघा: पृष्ठभागातून उगवल्यासारखं दिसतं, की वर ठेवल्यासारखं? भोवतालची चमक तुटलेली आहे का? १८९३ ‘एस’ची एक हमखास खूण आहे. त्याच्या पुढच्या बाजूसाठी एकच साचा वापरला होता आणि त्या साच्यावर चरा होता. त्यामुळे खऱ्या नाण्यावर ‘लिबर्टी’तल्या टीच्या वरच्या भागात तिरकी, बारीक, उठावाची रेष असते. ती नसेल आणि नाणं फार झिजलेलंही नसेल, तर पुढे बोलणं नको.

अशी महागडी सालं प्रमाणित डबीतच घ्या. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था नाणं तपासून, आकडा देऊन बंद डबीत देतात. डबीवरचा क्रमांक त्यांच्याच संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडा, कारण डब्याही नकली निघतात. लेबलवर ‘डिटेल्स’ असेल तर नाणं खरं आहे, पण घासलेलं, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे.

पायरी ७ : पहिली खरेदी

पहिलं नाणं १८८१ ‘एस’, डबीतलं, ६३ किंवा ६४ चं. त्या टाकसाळीचा ठसा इतका स्वच्छ उमटतो की चांगलं नाणं कसं दिसतं हे डोळ्यांना कळतं. पुढची सगळी नाणी त्याच्याशी ताडायची. मग एखादं ‘ओ’, एक बिनअक्षराचं, एक ‘सीसी’. त्यानंतर एक सीटेड हाफ आणि एक कॅप्ड बस्ट. एका वर्षात एवढं पुरे.

भाव विचारायच्या आधी चांदीची किंमत काढा: त्या दिवशीचा ग्रॅमचा दर गुणिले २४.०६. मॉर्गनची ही तळाची किंमत. विक्रेता वरचे पैसे कशासाठी मागतोय हे त्याला सांगता आलं पाहिजे. चांगला विक्रेता आनंदाने सांगतो, भिंग पुढे करतो, परत घेण्याची मुदत पावतीवर लिहून देतो.

ठेवणं

नाणं काठाला धरा, खाली मऊ कापड ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पीव्हीसी असतं आणि काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) किंवा कडक डब्या घ्या. रबरबँड आणि साधे कागदी लिफाफे जवळ नकोत, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. इथली तळघरं आणि आपल्याकडचा पावसाळा दोन्ही ओलसर, त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, तारीख, किंमत आणि कुणाकडून घेतलं हे वहीत नोंदवा. घराच्या विम्यात नाण्यांसाठी मर्यादा बहुधा फार कमी असते, ती वाचून घ्या.

भारतात न्यायची असतील तर

ही नाणी भारतात नेण्याआधी सीमाशुल्क विभागाकडून चालू नियम लेखी विचारून घ्या, ते बदलत असतात. त्याहून मोठी अडचण परत आणताना येऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तुम्ही बाहेरून आणलेलं नाणं असलं तरी विमानतळावर ते सिद्ध करायचं काम तुमच्यावर येऊ शकतं. म्हणून दाखवायला न्यायचं असेल तर फोटो न्या. नाणंच न्यायचं असेल तर खरेदीची पावती, डबीचा क्रमांक आणि आत नेताना केलेली नोंद हे तिन्ही कागद सोबत ठेवा, आणि ती नोंद करायला विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून, म्हणजे सामान जाहीर करायच्या वाटेने जा.